पाटावरची बॅग

माझा जन्म पन्नास वर्षं उशिरा झाला, हे मी कित्येक वर्षं येईल त्याला सांगत आलो आहे. लग्नाआधी संहिताला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं की मग. नाहीतर आपली भेट झाली नसती." हे उत्तर मला तेव्हा फार गोड वाटलं. ही बाई माझं म्हणणं आयुष्यात कधी गंभीरपणे घेणार नाही, असा त्याचा खरा अर्थ होता आणि तो कळायला लग्न व्हावं लागलं.

राजाजीनगरातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिला मी स्टडी म्हणतो. संहिता तिला गुजरी म्हणते, आणि बेंगळुरात गुजरी म्हणजे भंगाराचं दुकान. खोलीत व्हॉल्व्हचा एक रेडिओ आहे, तो स्टेशन लावत नाही पण मनापासून गुरगुरतो. लोखंडी पात्यांचा एक टेबलफॅन आहे, तो लावला की पाती हलत नाहीत, घरातले दिवे मात्र मंद होतात. एक काळा डायलचा फोन आहे. हातानं फिरवायचं एक शिलाई मशीन आहे, ते मी संहिताला वाढदिवसाला दिलं होतं. ती ब्लाउज शिवून देण्याचा व्यवसाय करते, तिच्याकडे नवं कॉम्प्युटरचं मशीन आहे आणि गिऱ्हाइकांची रांग असते. माझी भेट बघून तिनं ज्या आवाजात "वा" म्हटलं, तो अजून माझ्या कानात आहे.

या सगळ्यात माझा जीव होता तो एका टाइपरायटरवर. चपटा, प्रवासात न्यायचा, राखी रंगाचा. त्याची रिबन वाळून गेलेली, निम्मी अक्षरं रुसलेली. पण ओळ संपत आली की त्याची घंटी इतकी खणखणीत वाजायची की मी डोळे मिटून म्हणायचो, "याला म्हणतात मशीन! याला आत्मा आहे!" हे ऐकायला खोलीत बहुतेक वेळा मी एकटाच असायचो.

माझी नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत. आठवड्यातून दोनदा तिकडं जायचं, बाकीचे दिवस याच खोलीतून काम. परदेशातल्या एका बँकेचा कारभार ज्या प्रोग्रॅमवर चालायचा, तो माझ्या जन्माच्याही आधी लिहिलेला होता. लिहिणारे काही निवृत्त झाले होते, काही देवाघरी गेले होते. त्याची देखभाल माझ्याकडे होती, आणि ती मला येत होती. आपल्याकडे कुणाला काय मिळावं याचा काही नेम नसतो. जुन्या गोष्टींवर जीव असलेल्या माणसाला जुनीच गोष्ट सांभाळायचं काम मिळालं होतं. पण मी काय करत होतो? कंपनीच्या काळ्या लॅपटॉपला शिव्या घालत होतो. प्लास्टिकचा डबा, ना आवाज ना वजन, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो.

खाली अण्णा असायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, भगवंतराव. पिढ्यान्‌पिढ्या इकडं राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतून वडिलांनाही अण्णा म्हणायची पद्धत आहे. अण्णा घड्याळांच्या कारखान्यात फिटर होते. चावीची घड्याळं! केसासारख्या बारीक स्प्रिंगा! असा माणूस माझ्या घरात, माझा सख्खा बाप, आणि त्याच्या मनगटावर काय, तर पावलं मोजणारं, नाडी बघणारं, फार वेळ बसलं की थरथरून 'उठा' म्हणणारं चिनी घड्याळ. त्यावर ते बेहद्द खूश होते.

"अण्णा, तुम्ही सोन्याचा काळ बघितलात," मी म्हणायचो.

"हं," अण्णा म्हणायचे आणि पावलं किती झाली ते बघायचे.

रेडिओ आणला तेव्हा, फॅन आणला तेव्हा, दर खेपेला मी त्यांना वर बोलावलं. जरा बघा ना, तुमचा हात लागला तर चालू होईल. ते जिना चढून यायचे, दारात उभे राहायचे आणि आत पाय न टाकता म्हणायचे, "मला ते काम येत नाही रे." मग खाली निघून जायचे. अण्णांना जुन्याची काही किंमत नाही, त्यांचं काळीज कोरडं आहे, असं माझं मत झालं. ते मी मित्रांनाही सांगितलं.

गणपतीच्या आधी माझी नोकरी गेली.

त्याची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. आधीचे काही महिने मी रोज एका एआयला आमचा तो जुना प्रोग्रॅम समजावून देत होतो. मी त्याला ओळ न् ओळ शिकवली. विद्यार्थी गुणी होता. कंटाळला नाही, एकदाही जांभई दिली नाही. सगळं शिकून झाल्यावर त्यानं तो अख्खा प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहून काढला आणि माझे आभार मानले. नंतर एचआरमधल्या एका मुलीनं व्हिडिओवर येऊन, माझं कौशल्य आता लेगसी, म्हणजे जुनंपुराणं, झालं आहे, असं फार अदबीनं सांगितलं. लेगसी हा शब्द मी स्वतःच्या कामाबद्दल लग्नकार्यात छाती फुगवून वापरत असे. तो दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो ते त्या दिवशी समजलं.

लॅपटॉप परत द्यायला इलेक्ट्रॉनिक सिटीत गेलो. काउंटरवर ठेवला तेव्हा दिसलं की एन्टरच्या बटणाखाली मागच्या दसऱ्यातल्या पूजेचं कुंकू अजून अडकलेलं होतं. त्या प्लास्टिकच्या डब्यावरून मी हात फिरवला, आणि मला स्वतःचा इतका राग आला की बॅग तशीच रिकामी घेऊन मी बाहेर पडलो.

घरी सांगितलं नाही. अण्णांच्या डोळ्यांदेखत त्यांचा कारखाना बंद पडला होता. आता म्हातारपणी पोराचंही तसंच झालेलं त्यांनी बघू नये, एवढंच मला वाटत होतं. दुसरं काहीतरी मिळेल आणि मग दोन्ही बातम्या एकदम सांगू, असा विचार केला. मिळत मात्र काही नव्हतं. ज्याला त्याला एआयवाला माणूस हवा होता आणि मी तर एआयचा मास्तर होतो, पण तशी जागा कुणी काढत नव्हतं.

मग मी स्टडीचं दार लावून कामाला बसू लागलो. खाली संहिताला आणि अण्णांना आवाज जायला हवा म्हणून टाइपरायटर बडवायचो. फार खडखड होते असं वाटलं तेव्हा त्याच्याखाली टॉवेल घातला. मधूनमधून मीटिंग घ्यायचो. नुसतं हवेत बोलायला लाज वाटे, म्हणून डायलच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून बोलायचो. "येस, येस, लेट्स टेक इट ऑफलाइन," असं मी त्या मेलेल्या फोनला ठणकावून सांगत असे. एकदा तर माझं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही म्हणून मी चिडलोसुद्धा. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांत राहायची माझी इच्छा अशी पुरी झाली होती. दिवस फार वाईट जात होते.

आणि खंडेनवमी आली.

हिला इथे आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी अख्खं बेंगळूर आपापल्या यंत्रांना हार घालतं. आमच्या घरी ही पूजा फार जुनी. पूर्वज फौजेबरोबर घोड्यावरून इकडं उतरले, आणि नवमीला पाटावर तलवार मांडायचे, असं सांगतात. ती तलवार कुठल्या पिढीत गेली कुणाला ठाऊक नाही, पाट तेवढा राहिला. त्यावर पुढं कुणाची लेखणी आली, कुणाचा करवत-रंधा आला. नियम एकच, ज्याच्यावर पोट भरतं तीच वस्तू पाटावर. हौसेची नको, शोभेची नको, बंद पडलेली तर नकोच. आणि एकदा गंधाक्षता लागल्या की त्या दिवशी तिला काम सांगायचं नाही. दसऱ्याला सकाळी उचलायची आणि तिच्यावर थोडं तरी काम करायचं.

संहिता कात्री ठेवते. मी लॅपटॉप ठेवायचो. अण्णांची जागा मध्ये, ती कारखाना बंद झाल्यापासून रिकामी. पूजा मात्र तेच करतात.

"यशो," अण्णांनी खालून हाक मारली. "तुझं हत्यार आण रे."

मी जिन्यावरून डोकावलो. "अण्णा, आज जरा महत्त्वाचं काम चालू आहे. लॅपटॉप बंद ठेवता येणार नाही."

"अय्यो! बसचा ड्रायव्हर गाडीला केळीचे खांब बांधून घरी झोपलाय. तुझ्या बँकेला एक दिवस थांबायला होत नाही?"

"तसं नाही, मागच्या वर्षी कुंकू आत गेलं होतं. कंपनीनं फार कटकट केली."

"मग बॅगेत घालून आण. बॅगेला लावतो कुंकू. देवाला समजतं आत काय आहे ते."

देवाला समजतं, हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. संहिता फुलं निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

खोलीत येऊन मी रिकाम्या बॅगेकडं बघत उभा राहिलो. तिच्यात काहीतरी चपटं आणि टणक घालायला हवं होतं. आधी पोळपाट आठवला, पण तो स्वयंपाकघरात. रेडिओची मागची फळी घालून बघितली, ती लगेच वाकली. शेवटी टाइपरायटर उचलला आणि कोंबला. चेन शेवटपर्यंत लागेना, म्हणून बॅगेला गुडघा लावून ओढली. ज्याला आत्मा आहे असं मी म्हणायचो, त्याला गुडघ्यानं दाबून प्लास्टिकच्या डब्याचं सोंग घ्यायला लावत होतो.

खाली आलो. बॅग पाटावर ठेवली. पाट कुरकुरला.

"जड दिसतोय आज," अण्णा म्हणाले.

"नवं मॉडेल आहे," मी म्हणालो. नव्या मॉडेलचे लॅपटॉप हलके होत जातात हे सगळ्या जगाला माहीत आहे. अण्णांना तर नक्कीच, कारण ते यूट्यूबवर तेच बघत असतात.

"सरी, बरं. स्वल्प, जरा इकडं सरकव."

मी हळूच सरकवली. अण्णांनी समई लावली, कात्रीला गंध लावलं, अक्षता टाकल्या, शेवंतीचं फूल ठेवलं. मग माझ्या बॅगेकडं वळले. त्यांचा हात फिटरचा, जिथं ठेवतील तिथं ठामपणे ठेवतात. कुंकवानं भरलेला अंगठा त्यांनी बॅगेच्या मधोमध दाबला.

आतून आवाज आला, खट्.

अण्णा थांबले. मी खोकलो. त्यांनी हळदीचा अंगठा त्याच्या शेजारी दाबला. खट्. सकाळच्या मीटिंगमध्ये मी ओळ शेवटाला आणून तशीच सोडली होती, ते मला त्या क्षणी आठवलं. पण तोवर त्यांनी देवाचं नाव घेऊन अक्षता वाहिल्या आणि त्या पडू नयेत म्हणून वरून तळहात दाबला होता.

टिंग!

इतकी स्वच्छ घंटी मी त्या टाइपरायटरची कधी ऐकली नव्हती. माझ्या सगळ्या संग्रहात त्या दिवशी एकच गोष्ट चालू होती, आणि ती माझ्या मुळावर आली.

अण्णांनी आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग देव्हाऱ्यातली घंटा बघितली, ती जागेवर होती. मग माझ्याकडं बघितलं.

"लॅपटॉपला घंटी बसवली काय रे कंपनीनं?"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. संहिता म्हणाली, "अण्णा, राहू दे. उघडू नका." तिचा आवाज भरलेला होता. ती हसत असेल असं मला वाटलं होतं, पण ती हसत नव्हती.

मीच चेन ओढली. टाइपरायटर पाटावर उघडा पडला.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

मी संहिताकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"

"अहो, त्या काळ्या फोनची वायर मी उन्हाळ्यातच कापून पडदे बांधायला घेतली. तुम्ही त्याच्यावर अमेरिकेशी बोलत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दार लावून बसत होता. सांगाल म्हणून वाट बघत होते." मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "आणि मीटिंगमध्ये तुम्ही बोलत छान होता. खऱ्या मीटिंगमध्ये एवढं कधी बोलला नाहीत."

अण्णा अजून टाइपरायटरकडंच बघत होते. त्यांनी हात पुढं केला, आणि न लावताच मागं घेतला.

"शेवटच्या दिवशी आम्ही एकेक मशीन बंद केलं," ते म्हणाले. "एकेक करून. माझं बंद केलं. शेजारच्यानं त्याचं केलं. शेवटचं बंद झालं ना, तेव्हा शेडमध्ये एवढं शांत झालं, की आम्ही कोणी कोणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. एवढी वर्षं तो आवाज कानात होता. घरी आलो तर झोप येईना."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. सोन्याचा काळ होता असं मीच त्यांना सांगत होतो, मग ते काय सांगणार?

"आणि तू एकेक बंद मशीन उचलून आणतोस, माझ्या डोक्यावरच्या खोलीत ठेवतोस, आणि म्हणतोस, अण्णा, वर या, बघा. मला त्या खोलीत पाय टाकायला होत नाही रे, यशो. बंद मशीन बघायला होत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोरडं काळीज! हे मी त्यांच्याबद्दल बोललो होतो, तेही चारचौघांत.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"तू खूश होतास. तेवढ्यानं काय होतं म्हटलं." त्यांनी समईची वात जरा पुढं सारली. "पण ते एक तू उगाच म्हणतोस. जन्म उशिरा झाला म्हणून. काही उशिरा झाला नाही. तुझा काळ तुला मिळाला होता. रोज मान खाली घालून काम करत होतास, तोच. तो संपला आता. माझाही संपला होता. तू तो बघितला नाहीस, कारण दुसऱ्याचा बघत बसला होतास."

मला एकदम तो काळा लॅपटॉप आठवला. गरम झाला की त्याचा पंखा घुं करायचा. त्याच्या झाकणावर संहितानं माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एके ठिकाणी, कधीच न भेटलेल्या कुणीतरी, इथून पुढं जपून जा, अशी टीप लिहून ठेवली होती आणि दर वेळी तिथं आलो की मला बरं वाटायचं. माझे ते सगळे दिवस चांगले होते. मी त्यांच्यावर नुसता कुरकुरत बसलो होतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

अण्णांनी टाइपरायटर दोन्ही हातांनी उचलून बाजूला, जमिनीवर ठेवला. बंद वस्तू पाटावर चालत नाही. मग पाटावर दोन जागा रिकाम्या झाल्या, त्यांची आणि माझी. ते थोडा वेळ त्या जागांकडं बघत राहिले.

"माझी जागा मी रिकामी ठेवली, ती चूक झाली," ते म्हणाले. "हात ठेव."

"काय?"

"हात. पाटावर ठेव तुझे. दोन्ही."

मी हात ठेवले. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर गंध लावलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. संहितानं पुढं होऊन शेवंतीचं एकेक फूल वर ठेवलं. अक्षतांमुळं हाताला गुदगुल्या होत होत्या आणि नाक वाहत होतं, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"आता आज यांना काम सांगायचं नाही," अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी उचल आणि काहीतरी सुरू कर. काहीही."

"आणि तुमचे?" मी विचारलं.

ते ऐकू न आल्यासारखं करून वात सारखी करू लागले. मग संहितानंच त्यांचा उजवा हात धरला आणि पाटावर, मधल्या जागेत ठेवला. डावा त्यांनी आपणहून ठेवला. तिनं त्यांना गंध लावलं. आम्ही दोघं पाटापाशी मांडी घालून, हात पुढं ठेवून बसून राहिलो, आणि संहिता आरती म्हणू लागली.

आरतीच्या मध्येच अण्णांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. फार वेळ बसलात, उठा, असं ते सांगत होतं. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात तिथंच ठेवले.